इफुगाओची भातखाचरे : डोंगरातल्या पायऱ्यांचे खरे वय

१/
फिलिपिन्समधील लुझोन बेटाच्या उत्तरेस, कोर्दिलेरा पर्वतराजीत, इफुगाओ नावाचा लोकसमूह राहतो. त्यांनी डोंगरउतारांवर रचलेली भाताची खाचरे पाहण्यासाठी जगभरातून लोक जातात आणि गावात मुक्काम करतात. ही खाचरे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, असे प्रत्येक पाहुण्याला सांगितले जाते. अलीकडच्या उत्खननातून मात्र त्यांचे वय बरेच कमी निघाले आहे, आणि या कमी वयामागची हकीकत जुन्या समजुतीहून मोठी आहे. थ्रेड दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

२/
प्रथम तेथवर जाऊ. मनिलाहून रात्रीची बस सुमारे ३५० किलोमीटर अंतर कापून सकाळी बनावे या गावी पोहोचवते. पुढे जीपनी किंवा तीनचाकी गाडी. बाताद नावाच्या गावाला जायचे असेल तर रस्ता गावाच्या अलीकडेच संपतो आणि उरलेली वाट पायी उतरावी लागते. एका वळणावर दरी उघडते. तळाशी घरांचा पुंजका, आणि त्याभोवती प्राचीन नाट्यगृहातील आसनांच्या रांगांप्रमाणे अर्धवर्तुळात चढत गेलेली खाचरे. त्यांचे दगडी बांध माणसाच्या उंचीहून उंच आहेत.

३/
मुक्कामाची जागा बहुधा एखाद्या कुटुंबाचे साधे घर असते. काही ठिकाणी जुन्या पद्धतीच्या घरातही निजता येते. या घराला ‘बाले’ म्हणतात. चार भक्कम खांबांवर उचललेली एकच खोली, खिडकी नाही, वर गवताने शाकारलेले पिरॅमिडसारखे छप्पर. प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला लाकडाची जाड गोल चकती बसवलेली असते, जेणेकरून उंदरांना वर चढता येऊ नये. आत चूल, वर माळ्यावर भाताच्या पेंढ्या. पूर्वी रात्री शिडी आत ओढून घेत. घर आणि कोठार अशी दोन्ही कामे ही एक खोली करी.

४/
१९९५ साली युनेस्कोने या खाचरांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. यादीत पाच ठिकाणे आहेत : बाताद, बांगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान. गंमत अशी की, बनावेच्या निरीक्षणस्थळावरून दिसणारा आणि फिलिपिन्सच्या चलनी नोटेवर छापलेला सर्वांत प्रसिद्ध देखावा या यादीत नाही. तेथे नवी बांधकामे फार झाल्याने ते दृश्य वगळले गेले. घाईच्या प्रवाशाने रस्त्यावरून टिपलेले छायाचित्र बहुधा या वगळलेल्या भागाचेच असते.

५/
खाचर म्हणजे उतारावर कोरलेली पायरी, एवढाच अर्थ घेतला तर त्यातील खरे काम नजरेआड राहते. आधी बांधाचा पाया, मग दगडांची किंवा घट्ट मातीची भिंत, तिच्या मागे दगडगोट्यांचा भराव, त्यावर पाणी धरून ठेवणारी चिकणमाती आणि सर्वांत वर पिकाची सुपीक माती. हा भराव डोक्यावरून वाहून आणण्याऐवजी पुष्कळदा पाण्याकडूनच आणवत. वरून पाट सोडायचा, माती-खडी त्याच्याबरोबर वाहू द्यायची आणि हवी तेथे अडवायची. डोंगर फोडणारे पाणी येथे डोंगर बांधण्याच्या कामाला लावले होते.

६/
हे पाणी येते कोठून? खाचरांच्या वर राखलेल्या रानातून. कियांगन भागात या रानाला ‘मुयोंग’ म्हणतात. ते बहुधा एकेका कुटुंबाच्या मालकीचे असते. पावसाचे पाणी धरून ठेवणे, झरे जिवंत ठेवणे, सरपण, घराचे लाकूड, वेत, फळे ही सारी त्याची कामे. वरचे रान उजाड झाले की पुढच्या काही वर्षांत खालचे खाचर कोरडे पडते. खाचर आणि रान यांची मालकी वेगळी असू शकते, पण त्यांचे नशीब वेगळे नसते.

७/
अमेरिकन मानवशास्त्रज्ञ हॅरल्ड कॉंक्लिन यांनी अनेक वर्षे या प्रदेशात राहून, हवाई छायाचित्रांच्या साहाय्याने, एकेका बांधाची नोंद असलेले नकाशे तयार केले. १९८० साली त्यांचा इफुगाओ प्रदेशाचा ॲटलस प्रसिद्ध झाला. इफुगाओ लोक जमिनीचे आठ प्रकार मानतात, असे त्यात दिसते : गवताळ माळ, वन, बोरूचे रान, राखलेले रान, जाळून केलेली फिरती शेती, घराचे अंगण, कोरडे खाचर आणि पाण्याचे खाचर. पाहुण्याचा कॅमेरा यांपैकी बहुधा एकच प्रकार टिपतो. उरलेल्या सातांवाचून तो उभा राहत नाही.

८/
येथील जुन्या भाताला ‘तिनावोन’ म्हणतात. अर्थ, वर्षातून एकदा येणारा. वर्ष सरताना रोपे तयार करायची, थंडीत लावणी, जून-जुलैच्या सुमारास कापणी. थंड हवा सोसणारा पण सावकाश पिकणारा हा भात आहे. लोंब्या एकेक करून छोट्या पात्याने खुडतात आणि पेंढ्या बांधतात. पुढच्या वर्षाचे बियाणे निवडण्याचे काम जाणत्या स्त्रियांचे. अरुंद, उंच खाचरांत रेडा चढवता येत नाही. तेथे चिखलणी माणसाच्या पायांनी आणि लाकडी फावड्याने होते.

९/
एवढे काम एका घराच्या हातांनी होणे शक्य नाही. आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या शेतात, या देवघेवीला इफुगाओ भाषेत ‘उब्बू’ असा शब्द आहे. आपल्याकडे ज्याला सावड म्हणतात, तेच हे. बांध कोसळला, घर जळाले, आजारपण आले, अशा वेळी परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेल्या मदतीला वेगळा शब्द आहे : ‘बाद्दांग’. दोन प्रकारच्या मदतीसाठी दोन शब्द असणे, हे या समाजाचा कारभार कसा चालत असे याची पहिली खूण आहे.

१०/
दुसरी खूण कायद्याची. येथे राजा नव्हता, दरबार नव्हता, तुरुंग नव्हता. रॉय फ्रँकलिन बार्टन हे अमेरिकन गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी इफुगाओंत राहिले आणि १९१९ साली त्यांनी इफुगाओ कायद्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्याचा हक्क, बांधाचे नुकसान, कर्ज, विवाह, खून, प्रत्येकासाठी ठरलेले नियम आणि ठरलेला दंड होता. तंटा मिटवण्यास ‘मोंकालुन’ नावाचा मध्यस्थ दोन घरांमध्ये येरझारा घाली. त्याच्या पाठीशी सैन्य नव्हते. लोकमत आणि वैराची भीती एवढेच त्याचे बळ.

११/
वारसाहक्कातही एक कठोर शहाणपण होते. खाचराचे तुकडे होऊ नयेत म्हणून ज्येष्ठ अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, मोठा वाटा मिळे. बांध शाबूत राहत, पण धाकट्यांच्या हाती फारसे काही येत नसे. त्यांनी श्रीमंतांकडे राबावे, फिरती शेती करावी किंवा गाव सोडावे. आजच्या स्थलांतराचा विचार करताना हा जुना नियम ध्यानात ठेवावा. जमिनीची व्यवस्था टिकवण्याची किंमत घरातील कोणीतरी नेहमीच देत आले आहे.

१२/
आता वयाचा प्रश्न. दोन ते तीन हजार वर्षे हा आकडा आला कोठून? मुख्यतः दोघांकडून : हेच बार्टन, आणि हेन्री ओटली बेयर (१८८३–१९६६). बेयर तरुणपणी इफुगाओंत शिक्षक म्हणून आले, तेथील स्त्रीशी विवाहबद्ध झाले, आणि पुढे फिलिपिन्स विद्यापीठात मानवशास्त्राच्या अध्यापनाचा पाया त्यांनी घातला. दोघांचाही या लोकांशी निकटचा परिचय होता; त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आले.

१३/
परंतु या आकड्यामागे उत्खनन नव्हते. एवढी खोरी, एवढे बांध, माणसांचे हात एवढेच. मग हे काम पुरे व्हायला किती काळ लागला असेल, असा तो अंदाज होता. अंदाज चुकीचा ठरू शकतो, कारण वेग गृहीत धरलेला असतो. थोडी माणसे सावकाश बांधत असतील तर दोन हजार वर्षे लागतील. पुष्कळ माणसे, एखाद्या निकडीने, एकाच वेळी कामाला लागली तर? ही शक्यता त्या हिशेबात धरलेली नव्हती.

१४/
तरीही आकडा रुजला, कारण तो सर्वांना सोयीचा होता. पर्यटनाला प्राचीनता हवी होती. नव्या राष्ट्राला वसाहतीपूर्वीचा अभिमानबिंदू हवा होता. बेयर यांच्या मते फिलिपिन्समध्ये माणसे लाटांलाटांनी आली आणि खाचरे बांधणारी लाट फार जुनी होती. शाळेच्या पुस्तकांतून हेच पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. या गौरवात एक उणे दडलेले होते : फार पूर्वी आले, बांधले आणि तेव्हापासून तसेच राहिले. म्हणजे या लोकांना प्राचीनता दिली, पण इतिहास दिला नाही.

१५/
पहिली मोठी शंका १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आली. फेलिक्स कीसिंग यांनी उत्तर लुझोनविषयीची स्पॅनिश कागदपत्रे तपासली. स्पॅनिशांच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये या भव्य खाचरांचा उल्लेख मिळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचे अनुमान असे : इफुगाओंचे पूर्वज पूर्वेकडील मागात नदीच्या खोऱ्यातून, स्पॅनिश दडपणामुळे डोंगरात सरकले, आणि ओल्या भातशेतीची खाचरे त्यानंतरची आहेत. त्या वेळी हे मत अनेकांना पटण्यासारखे वाटले नाही.

१६/
हे दडपण कसले होते? १५७१ साली स्पॅनिशांनी मनिला घेतली आणि थोड्याच काळात ते लुझोनच्या उत्तरेकडे वळले. विखुरलेल्या वाड्यांना एकत्र आणून चर्चभोवती वसवायचे, म्हणजे घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात ठेवायचे, हे त्यांचे धोरण. त्या घंटेबरोबर खंडणी आली. प्रौढ पुरुषांना वर्षाकाठी ४० दिवसांची सक्तीची वेठ आली. जहाजांसाठी लाकूड तोडणे, वल्ही मारणे, रस्ते, चर्चची बांधकामे. याच्या जोडीला नवे आजार. सपाटीवर राहायचे तर हे सारे सोसणे भाग होते.

१७/
डोंगराकडे गेले की यांतील बरेचसे टळत असे. कोर्दिलेरातील सोन्याच्या लोभाने स्पॅनिश तुकड्या सतराव्या शतकात वर चढल्या, पण टिकू शकल्या नाहीत. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९७४ साली दाखवून दिले की, ‘रानटी डोंगरी’ आणि ‘सुसंस्कृत सपाटीचे’ हा भेद वसाहतीच्या राजवटीने घडवला. ज्यांनी कर दिला ते सुसंस्कृत, ज्यांनी दिला नाही ते रानटी. त्यापूर्वी या दोहोंत व्यापार, सोयरीक, ये-जा होती. स्पॅनिश अंमल १८९८ पर्यंत चालला. डोंगरातील बहुतेक लोक त्यातील फार मोठा काळ स्वतंत्रच राहिले.

१८/
कीसिंग यांच्या अनुमानाला जमिनीतून पुरावा मिळण्यास जवळजवळ अर्धशतक गेले. फिलिपिनो-अमेरिकन पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांनी बनावे परिसरातील खाचरांत बांधांच्या खालचे आणि भरावातील कोळशाचे नमुने घेतले. एकट्या नमुन्यावर विसंबणे धोक्याचे, कारण वरून आणलेल्या मातीत जुना कोळसाही असतो. म्हणून त्यांनी कार्बन-१४ कालमापनाला, कोणता बांध आधी आणि कोणता नंतर या क्रमाची, संख्याशास्त्रीय जोड दिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी त्या खाचरांची बांधणी स्पॅनिश आगमनाच्या काळात आणि त्यानंतर आणून ठेवली.

१९/
पुढे कियांगन येथील जुन्या गावठाणावर २०१२ पासून उत्खनन झाले. इफुगाओंच्या परंपरेत हे त्यांचे मूळ गाव. तेथे वस्ती जुनीच निघाली, सुमारे हजार वर्षांपूर्वीची. पण आरंभीच्या थरांत भाताच्या ओल्या शेतीचा मागमूस नव्हता. माती आणि भांडी यांतील सूक्ष्म अवशेषांनी वेगळे अन्न दाखवले : अळू. त्याचे कंद खाऊन हे लोक शतकानुशतके डोंगरात राहत होते. म्हणजे माणसे जुनी, वस्ती जुनी. भाताचे खाचर मात्र नंतरचे.

२०/
साधारण १६५० नंतरच्या थरांत चित्र झपाट्याने पालटते. भात दिसू लागतो. त्याचबरोबर परदेशी काचमणी आणि आशियाई चिनी मातीची भांडी वाढतात. जगापासून तुटलेल्या, स्तब्ध समाजाच्या या खुणा नव्हेत. स्पॅनिश सत्तेच्या सीमेबाहेर राहूनही इफुगाओ दूरच्या व्यापाराशी जोडलेले होते, आणि त्या सत्तेला तोंड देण्याच्या काळातच त्यांनी आपली शेती, वस्ती आणि समाज नव्याने बांधला.

२१/
भातच का? अळू कमी कष्टात येते. ओल्या भातासाठी शेकडो हात, पाण्याचे वाटप, बांधांची सामाईक निगा आणि ठरलेले वेळापत्रक लागते. नेमक्या याच गोष्टी एखाद्या समाजाला संघटित करतात. भाताची मोठी खाचरे असलेली ‘कादांग्यान’ म्हणजे प्रतिष्ठित घराणी पुढे आली. त्यांनी डुकरे कापून, भाताची मद्ये वाढून मोठमोठे भोज घालावेत, तेव्हाच त्यांचे मोठेपण मान्य होई. अकाबादो यांचे म्हणणे असे की, हे एकत्र येणे म्हणजेच प्रतिकार होता. घंटेखाली जमा न होता त्यांनी खाचरांभोवती जमा होणे पत्करले.

२२/
या ‘सनातन’ गावातील एका साध्या पदार्थाकडे पाहुण्याने नीट पाहावे : रताळे. भात हे प्रतिष्ठेचे अन्न. गरिबांचे पोट पुष्कळ अंशी रताळ्यावर भरे, असे बार्टन यांच्या काळापासूनच्या नोंदी सांगतात. आणि रताळे मूळचे अमेरिकेचे. फिलिपिन्समध्ये त्याला ‘कामोते’ म्हणतात, तो शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशांमार्फत आला. ज्यांचा अंमल डोंगराने नाकारला, त्यांच्या जहाजांतून आलेले कंद डोंगराने आनंदाने लावले.

२३/
येथे थोडी सावधगिरी हवी. हे पुरावे ठरावीक खोऱ्यांतील आहेत. इफुगाओंचा प्रदेश विस्तीर्ण आहे, आणि सर्व खाचरांचे कालमापन झालेले नाही. १९७०च्या दशकातील काही कार्बन-१४ तारखा याहून जुन्या होत्या. त्या वस्तीच्या की भातशेतीच्या, हा वाद झाला. सर्व अभ्यासक एकमताचे नाहीत. तरी एवढे म्हणता येते : दोन हजार वर्षांच्या भातशेतीसाठी आजवर जमिनीतून भक्कम आधार मिळालेला नाही, आणि सतराव्या शतकातील मोठ्या विस्तारासाठी मिळाला आहे.

२४/
आपल्या वारशाचे वय एका फटक्यात दीड हजार वर्षांनी कमी झाले, तर कोणत्या समाजाला आवडेल? म्हणूनच हे काम कोणी आणि कसे केले याला महत्त्व आहे. इफुगाओ समाजातील मार्लोन मार्टिन आणि खाचरे वाचवण्यासाठी उभी राहिलेली स्थानिक चळवळ या संशोधनात आरंभापासून भागीदार होती. अकाबादो आणि मार्टिन यांनी २०२२ साली या कामावर मिळून ग्रंथ लिहिला. कियांगन येथे मुलांना विणकाम, शेती आणि हा नवा इतिहास शिकवणारे केंद्रही उभे राहिले.

२५/
पाहणे आणि पाहिले जाणे यांचाही येथे एक जुना हिशेब आहे. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात फिलिपिन्समधून हजाराहून अधिक माणसे नेण्यात आली. त्यांत कोर्दिलेराच्या डोंगरी लोकांची ‘वस्ती’ उभारून ती प्रेक्षकांना दाखवली गेली. अमेरिकेची राजवट किती आवश्यक आहे, हे पटवण्याचा तो एक मार्ग होता. आज प्रवासी स्वतः त्यांच्या गावी जातो, पैसे मोजतो, यजमानाचा पाहुणा होतो. फरक मोठा आहे. पण तो आपोआप टिकत नाही.

२६/
गाव जगाच्या घडामोडींपासून कधीच दूर नव्हते, याचा आणखी एक दाखला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जनरल यामाशिता यांचे जपानी सैन्य याच डोंगरांत मागे हटले. २ सप्टेंबर १९४५ रोजी त्यांनी कियांगन येथे शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी बागियो येथे तिच्यावर औपचारिक सह्या झाल्या. मधल्या महिन्यांत उपाशी सैन्य आणि बॉम्बवर्षाव या दोहोंमध्ये सापडलेल्या गावांनी फार सोसले. त्यानंतरही माणसांनी परत येऊन बांध बांधले.

२७/
पुढची पडझड मात्र शांततेच्या काळात झाली. २००१ साली युनेस्कोने या स्थळाला धोक्यातील वारशाच्या यादीत टाकले. त्या सुमारास चतुर्थांशाहून अधिक खाचरे पडीक झाल्याचे सांगितले जात होते. अकरा वर्षांच्या दुरुस्तीनंतर आणि स्थानिक नियोजनानंतर २०१२ साली त्या यादीतून नाव निघाले. वारसा म्हणून जपलेले किल्ले, लेणी ओस पडली तरी काही काळ उभी राहतात. भाताचे खाचर दोन-तीन पावसाळे दुर्लक्षित राहिले की बांध सुटतो, आणि एक बांध सुटला की त्याच्या खालचेही जाऊ लागतात.

२८/
कारणे एकाहून अधिक आहेत. वर्षातून एकदा येणाऱ्या भातावर आजच्या कुटुंबाचा शाळा-दवाखान्याचा खर्च निघत नाही. तरुण बागियो, मनिला किंवा परदेशी कामाला जातात. १९८०च्या दशकात अन्न म्हणून फिलिपिन्समध्ये आणलेल्या परक्या गोगलगाई शेतांत पसरल्या आणि कोवळी रोपे खाऊ लागल्या. मोठाले गांडूळ बांध पोखरतात. रान तुटले की पाणी आटते. वादळ येते ते या सर्वांच्या शेवटी, आणि दोष बहुधा त्याच्यावरच जातो.

२९/
शेताबरोबर गाणेही विरळ होते. पेरणी, कापणी आणि मृताजवळच्या जागरणात गायली जाणारी ‘हुधुद’ ही दीर्घ आख्याने, मुख्यतः वृद्ध स्त्रिया पुढे होऊन गातात. एखादे आख्यान पुरे व्हायला काही दिवस लागतात. २००१ साली युनेस्कोने त्यांचा गौरव केला. बहुतेक लोक आता ख्रिस्ती झाले. ‘मुंबाकी’ म्हणजे पुरोहित थोडे उरले. कोठारांचे रक्षण करणाऱ्या ‘बुलुल’ या लाकडी मूर्ती संग्राहकांनी विकत नेल्या आणि परदेशी संग्रहालयांत पोहोचल्या. ज्या कापणीत आख्यान गायचे, ती कापणीच नसेल तर ते केवळ मंचावर उरते.

३०/
मग पर्यटनाने हे सावरते का? काही अंशी. वाटाड्या, खानावळ, मुक्कामाची घरे यांतून गावात रोकड येते आणि काही तरुण गावी थांबतात. पण त्यात एक तिढा आहे. पाहुणा पैसे देतो ते खोलीचे, जेवणाचे. ज्या दृश्यासाठी तो आला, ते दृश्य जिवंत ठेवणारा बांध समोरच्या डोंगरावर एखाद्या वेगळ्याच कुटुंबाचा असतो. तो बांध कोसळला तर दुरुस्तीचा खर्च त्याचा. शाबूत राहिला तर मिळकत दुसऱ्याची. सावडीच्या गावात हा नवा, न फिटणारा हिशेब आहे.

३१/
आणखी एक गोष्ट. पाहुण्याला गवताचे छप्पर हवे असते, घरमालकाला पत्रा. गवत दर काही वर्षांनी बदलावे लागते, ते मिळणे कठीण झाले आहे, आणि पत्रा पाऊस अडवतो. बातादमध्ये पत्र्याची घरे पाहून हळहळणारा प्रवासी स्वतः पत्र्याखाली किंवा सिमेंटच्या स्लॅबखाली राहतो. ज्यांनी सतराव्या शतकात संपूर्ण शेती बदलली, त्यांना छप्पर बदलण्याचा अधिकार नाही, असे म्हणणे दोन हजार वर्षांच्या त्या जुन्या दंतकथेतच शक्य होते.

३२/
जाणाऱ्यांसाठी थोडे. गावातील वाटाड्या घ्यावा. बांधावरून एका रांगेत, हळू चालावे, कारण तो रस्ता नसून भिंतीचा माथा आहे. कडेचे दगड ढळले तर कोणाचे तरी दोन दिवस जातात. माणसांचे छायाचित्र विचारल्यावाचून काढू नये. यजमानाने ‘मोम्मा’ पुढे केला तर ओळखीचे वाटेल : पान, सुपारी, चुना. गावाने पर्यावरणशुल्क ठेवले असेल तर घासाघीस न करता द्यावे. आणि शक्य असल्यास विचारावे, या वर्षी कोणाच्या बांधाची दुरुस्ती चालू आहे, तेथे काही देता येईल का.

३३/
बहुतेक प्रवासी एप्रिल-मे महिन्यांत, खाचरे हिरवीगार असताना जातात. वर्षाच्या अखेरीस तेथे नुसता चिखल आणि पाणी असते. वादळांनी पाडलेले बांध त्या दिवसांत पुन्हा रचले जातात : वाहून गेलेले दगड शोधून वर आणायचे, चिकणमाती दाबायची, पाण्याची पातळी जुळवायची. छायाचित्राला हा काळ बरा नव्हे. पण चारशे वर्षांपूर्वी जे काम सुरू झाले, ते त्याच दिवसांत, त्याच रीतीने चालू असलेले दिसते. फक्त हात पूर्वीपेक्षा कमी.

(थ्रेड समाप्त)